शेंबीनं लावलेला फोन

सुरुवातीलाच सांगून टाकतो. भूतखेत, करणी, भानामती असल्या गोष्टींनी माझी झोप कधी उडाली नाही. उलट भूत काढणं हाच माझा धंदा! धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. हात न लावता स्क्रीन आपोआप चालायला लागली की आमच्या लाईनीत त्याला ‘घोस्ट टच’ म्हणतात. गिऱ्हाईक घाबरंघुबरं होऊन येतं, "भाऊ, फोनमधी कायतरी शिरलंय!" मी स्क्रू काढतो, आतली ओल पुसतो, नाहीतर डिस्प्ले बदलतो. भूत गेलं. अशी भुतं मी एवढी काढलीत की सगळी एका ओळीत उभी केली तर रांग तुळजापूरच्या पुढं जाईल.

आता, मी जरा वाढवून सांगतो असं आमच्या गल्लीत बोललं जातं. बोलू देत. पण माझ्या उजव्या तळहाताला जे भोक पडलं ते मी वाढवून पाडलेलं नाही. हवं तर दुकानात या, वण दाखवतो, चहा पण पाजतो.

गाव येडशीच्या अलीकडं. रामलिंगच्या डोंगराची शेवटची घसरण जिथं शेतात उतरते तिथं, ओढ्याच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण तिथं माझी थोरली बहीण नांदते आणि मला अजून तिच्याकडं जेवायला जायचंय. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचे मालक हणमंतदाजी. दाजी म्हणजे कसा माणूस? गाडीचं चाक चिखलात रुतलं तर लोक जॅक शोधतात, हे खांदा लावायचे. हाताला घट्टे इतके की डास चावला तर डासाचीच सोंड वाकडी व्हायची. आधारच्या मशीननं त्यांच्या अंगठ्यापुढं कायमचे हात टेकले होते. टचस्क्रीनला तर ही बोटं कळायचीच नाहीत. आधी दाजी बोट टेकवायचे, मग घासायचे, मग ठोसा घालायचे. मग काच बदलायला माझ्याकडं यायचे.

आणि दाजींचा बैल, सरकार. पांढराशुभ्र खिलार. एवढा उंच की झूल टाकायची तर मंडपवाल्याला बोलवावं लागायचं. बरं, नुसता उंच नाही, मारका. दाजी सोडून कुणाला वाऱ्याला उभं राहू द्यायचा नाही. एकदा त्यानं मला कडब्याच्या गंजीवर चढवून अर्धा दिवस खाली उतरू दिलं नव्हतं. अक्कानं भाकरी खालून वर फेकली, मी ती वरच बसून खाल्ली, आणि सरकार खाली उभा राहून माझ्याकडं असं बघत होता की, जेवण झालं का पाव्हणं, आता या.

या बैलाच्या पायी पुढचं सगळं झालं.

दाजींच्या गावात पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. मानाचा बैल त्याच्याखालनं पहिला जातो, मग बाकीचे. हा मान दाजींच्या भावकीत. एक साल दाजींचा बैल, एक साल त्यांचा चुलतभाऊ बाळू याचा. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग एक साल जनावरांची साथ आली आणि पोळा भरलाच नाही. ते साल बाळूचं होतं. पुढच्या पोळ्याला प्रश्न उभा राहिला. बाळूचं साल बुडालं का पुढं ढकललं?

दाजी म्हणाले, "बुडालं."

बाळू म्हणाला, "ढकललं."

एवढंच. ह्या दोन शब्दांवर त्या दिवशी वेशीत जे झालं ते मी प्रत्यक्ष बघितलंय. म्हणजे वेशीशेजारी देवळाचा ओटा आहे, त्याच्या आडोशाला बसून बघितलंय. दोन्ही बैल एकदम तोरणाखाली घुसले. काठ्या निघाल्या, मग कुऱ्हाडी निघाल्या. धूळ एवढी उडाली की सूर्य मावळला असं समजून कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. एकाचा कान लोंबकळला. एकाचा दात दुसऱ्याच्या मनगटात रुतून दुसऱ्याच्याच घरी गेला. आणि हलगीवाला शहाणा, थांबला नाही... वाजवतच राहिला.

धूळ बसली तेव्हा सरकार मागच्या पायांवर बसलेला दिसला. बैल असा कुत्र्यासारखा बसत नसतो. मागच्या पायाची घोडशीर — टाचेच्या वरची ती जाड शीर — कुऱ्हाडीनं तोडलेली. रक्ताचं थारोळं. उठायचा, पडायचा. उठायचा, पडायचा. त्याच्या शिंगांवर त्याच दिवशी सकाळी नव्या पितळी शेंब्या चढवल्या होत्या. शेंबी म्हणजे शिंगाच्या टोकावर बसवायची टोपी, शेंड्याला हरभऱ्याएवढा गोल मणी. त्यातली एक त्या चेंगराचेंगरीत हरवली ती हरवलीच.

सरकार परत उभा राहिला नाही. दाजींनी त्याला रानात पुरला, मीठ-हळद घालून, आणि उरलेली शेंबी काढून घेतली. खड्ड्यावर शेवटची माती लोटताना सगळ्यांदेखत बोलले —

"ज्यानं ही घोडशीर तोडली, त्याची घोडशीर म्या त्याच तोरणाखाली तोडीन. पुढच्या पोळ्याला. तवर पायात चप्पल घालणार न्हाय. सरकारची आण."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. अख्ख्या गावानं बाळूच्या पायाकडं बघितलं.

बाळू म्हणत राहिला, "म्या न्हाय. माज्या हातात काठी हुती." पण बैलाच्या बाजूला उभा होता तोच. कोण ऐकतंय?

मग दाजींनी ट्रॅक्टर घेतला, दावण रिकामी केली. शेंबी मात्र सदऱ्याच्या खिशात. बसले की चोळत बसायचे. एक दिवस फोन वाजला, बोटानं उचलेना, तशी रागानं हातातली शेंबीच काचेवर हाणली, आणि फोन उचलला गेला! त्या दिवसापासून दाजींना टचपेन मिळाला. काळ्या दोऱ्यात ओवून फोनच्या कव्हरला बांधली. शेंबीनं फोन लावायचे, शेंबीनं बाजारभाव बघायचे, भाच्यांच्या लग्नाचे व्हिडिओ शेंबीनं मागं-पुढं करायचे. आधी गाव हसलं. मग घट्टे पडलेली चार माणसं पितळेचा तुकडा शोधायला लागली.

माझ्या दुकानात येऊन त्यांनी ही करामत दाखवली तेव्हा मी लगेच शास्त्र सांगितलं. "दाजी, पितळंतून तुमच्या हाताचा चार्ज काचंपर्यंत जातो. वरचा मणी बोटाच्या शेंड्याएवढा, म्हणून स्क्रीनला वाटतं बोटच आहे. पण हातात धरली तरच हां! नुसती काचेवर ठेवली तर स्क्रीनच्या लेखी ती शेंबी आणि खडा सारखाच."

दाजी म्हणाले, "मंग मधीच आपलीआपण फोन कशी लावती?"

"कोण?"

"ही. म्या उघडायला जातो भलतंच, अन् ही जाती फोनवर. लागला की एंगेज. कवाबी बघ, एंगेज."

"कुणाला लागतो?"

"मला काय ठावं? नंबर दिसतो नुसता, नाव न्हाय."

मी म्हणालो, घोस्ट टच. डिस्प्ले बदलून दिला. तो लागलेला नंबर बघायचं मला सुचलं नाही. गिऱ्हाइकांची गर्दी होती. खरं तर दुकानात फक्त एक माशी होती, पण गर्दी होती असं धरून चाला.

पोळा तोंडावर आला आणि अक्काचा फोन. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"भारत, तू ये. आजच ये. ह्यांनी कोयत्याला धार लावलीया."

"अगं, ऊस तोडायचा असंल."

"उसाला हळद लावत्यात व्हय रं?"

मी गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू ओढून ओढून थकलेले बैलाचे खांदे हळद-तेलानं चोळतात, उद्याचं आमंत्रण देतात. दाजींच्या दावणीला बैल नव्हता. तर दाजी अंगणात मांडी घालून बसलेले, आणि मांडीवर कोयता. पात्यावरून हळद-तेलाचा हात फिरवत होते. सावकाश, मायेनं. "उद्याच्याला जेवायला या बरं का," असं त्या कोयत्याला म्हणाले. मी दारातच उभा राहिलो, पाणी प्यायचं विसरलो.

अक्का मला चुलीपाशी ओढून नेऊन म्हणाली, "बाळूभावजींचा पाय गेला तर हे जेलात जात्याल. अन् बाळूभावजींची पोरं ह्यांना सोडत्याल व्हय? उद्या सावलीवाणी मागं ऱ्हा त्यांच्या. तुज्या पाया पडते भारत."

थोरली बहीण कधी पाया पडते का? मी म्हणालो, "अक्का, तू भिऊ नको. मी एका हातानं त्यांना धरीन." दाजी उभे राहिले तर माझं डोकं त्यांच्या बगलेत येतं, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बैल निघाले. हिंगूळ, बेगड, बाशिंगं, कवड्यांच्या माळा... पाऊस उघडलेला, ऊन कडक. वेशीवर तोरण. बाळूचा बैल पुढं, गरीब जनावर, लेकराला शिंगाशी खेळू देणारं. कासरा बाळूच्या हातात. बाळू दिसायला बेफिकीर, पण पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून आला होता. पोळ्याला! त्या उन्हात!

दाजी अनवाणी. खांद्यावर उपरणं, उपरण्याखाली पाठीशी कोयता. मी त्यांच्या मागं. वेस जवळ आली तसे ते थांबले, फोनच्या कव्हराचा काळा दोरा तोडला आणि शेंबी माझ्या हातात दिली.

"ही तू ठेव. जेलात ठिवू द्यायचे न्हायती."

"दाजी, घरी चला."

"पाव्हणं, तुमी धाराशिवला जावा. बस मिळंल अजून."

शेंबी मी सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली. त्याच खिशात माझा फोन होता. आणि दोन्ही हातांनी दाजींच्या कमरेला मिठी मारली. दाजी तसेच चालत राहिले. मी लोंबत राहिलो, जसं काय त्यांनी कमरेला पिशवी अडकवलीय.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. त्यांची रिंगटोन हलगीची. वेशीत खरी हलगी कडाडत होती, तरी मला वेगळी ऐकू आली. त्यांनी लक्ष दिलं नाही. बंद झाला. परत वाजला. बाळू तोरणाखाली पोचला होता, आमच्याकडं पाठ. दाजींनी उपरणं टाकलं. फोन परत वाजला. कोयता वर गेला. मी ओरडलो, "बाळूभाऊ, पाय!"

बाळू वळला. कोयत्याचा वार गमबुटाच्या वरच्या कडेवर बसला, रबर चिरत गेला आणि पोटरीतून रक्त आलं. पण शीर वाचली. मग कोण कुणाला हाणतंय कळेना. बाळूच्या पोरांनी दाजींच्या डोक्यात काठी घातली, कवठ फुटल्यासारखा आवाज झाला. दाजींनी एकाला उचलून दुसऱ्यावर फेकलं. मी कुणाच्या तरी मनगटाला कचकन चावलो. ते माझंच निघालं. शेवटी पाच-सहा जणांनी दाजींना तोरणाखाली उताणं पाडलं. कोयता लांब उडाला. बाळूनं त्यांच्या मानेवर काठी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांवर गुडघे टेकून भार दिला. दाजींचा चेहरा काळानिळा व्हायला लागला. जीभ बाहेर आली.

आणि फोन वाजतोय. वाजतोय. बंद होतोय, परत वाजतोय.

हलगीवाल्याचा हात पहिल्यांदाच थांबला.

"कोण मरायलंय तुज्यासाठी एवढं?" बाळूनं एका हातानं दाजींच्या खिशातून फोन ओढला, बघितलं, आणि माझ्याकडं मान वळवली. "भारत्या? तू हितं उभा ऱ्हाऊन ह्याला फोन कशाला लावायलास?"

माझे दोन्ही हात सगळ्यांसमोर होते. एकानं मी दाजींचा दंड धरला होता, दुसरा त्यांच्या मानेवरची काठी उचलायचा प्रयत्न करत होता. खिशात हात घालून फोन काढला. तो माझ्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही. उघडा होता. ‘हणमंतदाजी’, कॉल चालू. आणि शेंबी काचेवर उभी. आडवी नाही, कलंडलेली नाही, मण्यावर उभी, जसा भोवरा उभा असतो तशी. मी फोन तिरपा केला तरी पडेना.

मी शेंबी उपटून काढली. हो, उपटूनच. ती जड लागली, धोंड्यासारखी.

"खिशात दाबली गेली असंल," मी म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही.

"आण हिकडं." बाळूनं ती हिसकावली, हसत हसत आपल्या फोनवर टेकवली आणि हात काढून घेतला. पडायला हवी होती. पडली नाही. स्क्रीनवर नावं सरसर वर गेली आणि एका ठिकाणी थांबली. बाळूच्या दुसऱ्या हातातला दाजींचा फोन वाजला. ‘बाळू’.

बाळूच्या तोंडावरचं हसू गेलं. काठी ढिली झाली. दाजी खोकत उठून बसले.

हलगीवाला दुसऱ्या गावचा, दाजींचं नाव सुद्धा त्याला धड माहीत नाही. बाळूनं त्याचा फोन घेतला, देवळाच्या ओट्यावर ठेवला आणि शेंबी लांबूनच त्यावर टाकली, विंचू टाकल्यासारखी. ती दोनदा आपटली आणि मण्यावर उभी राहिली. कुणाचा हात नाही. मी शपथेवर सांगतो, ओट्यापासून सगळे हातभर मागं सरकले होते. शेंबी हलायला लागली. बैल चिडला की शिंग मातीत खुपसून उकरतो बघा, तशी. टक्... टक्... टक्. एकेक आकडा उमटत गेला. आता मात्र मी तो नंबर वाचला.

दाजींचा फोन वाजला.

म्हणजे इतके दिवस दाजींच्या फोनवरनं जो नंबर एंगेज लागत होता, तो त्यांचा स्वतःचाच होता. दाजींना आपला नंबर पाठ नव्हता. मला होता. मी बघितलं नव्हतं.

फोन वाजतोय नुसता. तेव्हा गर्दीतून बाळूची आई पुढं आली. तिला सगळे नानी म्हणतात. पाठीत वाकलेली, पण आवाज असा की डोंगरावरची वानरं खाली बघतात. लेकाच्या पोटरीतून रक्त गळतंय आणि ती दाजींकडं बघत होती.

"हणम्या, उचल की मुडद्या! कवाचं बोलवायलंय ते तुला."

बाळूनं हातातला फोन पुढं केला. दाजींनी बोट लावलं. त्यांचं ते लाकडाचं बोट, जे कुठल्या स्क्रीनला कधी कळलं नाही. पहिल्याच टेकवण्यात फोन उचलला गेला.

कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले. डोक्यातलं रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं, पुसलं नाही.

"व्हय," दाजी फोनमधी म्हणाले. "माजीच हुती कुऱ्हाड."

नानीनं डोळे मिटले.

"म्या बाळूला हाणली हुती," दाजी सांगत होते. आम्हाला नाही, फोनला. "धुरळ्यात दिसलंच न्हाय. कशात तरी बसली, गचकन. म्या म्हणलं बाळूची मांडी गेली. मला बरं वाटलं बघ. अन् धुरळा खाली बसला, तर बाळू उभा... अन् तू बसलेला." मग हुंदका. "म्या सवताला पटवलं रं. बाळूनंच केलं, बाळूनंच केलं. साल घातलं पटवण्यात."

मग फोन कानावरून काढला. खाली ठेवला. आणि म्हणाले, "आण तर आण हाय."

मी ते बोलणं समजून घेईपर्यंत त्यांनी लोळण घेत कोयता उचलला होता. डावा पाय पुढं ओढला, टाच वर केली. अक्का कुठून आली कुणास ठाऊक, तिची किंकाळी मला ऐकू आली. मी झेप घेतली आणि माझा उजवा हात कोयता आणि टाचेच्या मधी घातला. खरंच घातला. आयुष्यात एवढं शूर काम मी पहिल्यांदा करत होतो.

आणि माझा हात मागं उडाला.

धक्का असा की खांदा निखळला वाटलं. मी पालथा होतो तो उताणा झालो, आणि ओट्याच्या लाकडी खांबाला माझा तळहात चिकटलेला. बघतो तर शेंबी तळहातातून आरपार, खांबात रुतलेली. हरभऱ्याएवढा बोथट मणी! खिळा नाही, सुरी नाही. कुणी फेकली? गर्दी दुसऱ्या बाजूला होती. ओट्यापाशी कुणीच नव्हतं, तो हलगीवाल्याचा फोन सोडून.

मी ओरडलो. माझ्या ओरडण्यात कोयता उतरल्याचा आवाज मला आला नाही. ओला, तुटका.

बाळू पहिला धावला. आपल्याच पोटरीतून रक्त वाहतंय, गमबुटात पचपच आवाज येतोय. त्यानं आपला फेटा सोडला, दाजींच्या टाचेला करकचून बांधला. त्याच्या पोरांनी माझा हात खांबापासून सोडवला, शेंबी मात्र तशीच राहू दिली. पिकअपमधी बैलासाठी अंथरलेल्या कडब्यावर आम्हाला टाकलं. सगळ्या वाटेत बाळू दाजींच्या थोबाडीत मारत होता, शुद्ध जाऊ नये म्हणून. दोन-चार जास्तीच्याही मारल्या असाव्यात.

"हणम्या, डोळं मिटू नगंस! तू मेलास तर पुढच्या पोळ्याला म्या काय नानीसंगं भांडू?"

दाजींचे ओठ पांढरे झाले होते. हसायचा प्रयत्न केला. "बाळ्या... ते साल... ढकललंच धर."

त्यावर बाळूनं एवढी मोठी शिवी दिली की इथं लिहिता येत नाही, आणि दाजींचं डोकं छातीशी धरून रडला.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काय झालं? कुणी काही ठरवलेलं नव्हतं. बाळू आणि अक्का एकदम बोलले, "बैलानं मारलं."

डॉक्टरांनी दाजींची टाच बघितली. "बैलाच्या हातात कोयता होता का?"

मग माझ्याकडं वळले आणि त्यांचा आवाज बदलला. तळहात उलटा केला, सुलटा केला. जखम खालून वर फाटलेली होती. "हे मात्र शिंगच आहे," ते म्हणाले. "आत घालून मान झटकलीय. अशा मी खूप शिवल्यात." चिमट्यानं शेंबी काढून ट्रेमधी टाकली. "शेंबीसकट आलास की तू. बैल कुठाय?"

दोन्ही जखमा त्यांनी बैलाच्याच नावावर लिहिल्या. नंतर पोलीस गावात आले. बाळूनं तोंड उघडलं असतं तर दाजींवर सरळ हाफ मर्डर लागला असता. पण अख्खी वेस एका सुरात बोलली, बैल उधळला साहेब. मी एकट्यानंच सगळं खरं सांगितलं, शेंबी, फोन, खांब, सगळं. जन्मात पहिल्यांदा एक अक्षर न वाढवता! फौजदार लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "दुपारीच घेतली होती का?" बाळूचा तो गरीब बैल कागदोपत्री मारका ठरला. त्याच्या शिंगाशी आजही लेकरं खेळतात.

शेंबी दाजींच्या सांगण्यावरून बाळूनं सरकारच्या खड्ड्यात पुरली.

माझा, बाळूचा आणि हलगीवाल्याचा असे तिन्ही फोन मी दुकानात आणून उघडले. बोर्ड कोरडे, डिस्प्ले चांगले, कुठं ओल नाही, गंज नाही. कॉल मात्र तिन्हींत नोंदलेले. पितळ आपलीआपण स्क्रीन चालवू शकत नाही. हे मी कुणालाही शिकवीन, पाटीवर काढून दाखवीन. मग त्या दिवशी स्क्रीनला कुणाचा हात लागला? आमच्या लाईनीतल्या जाणत्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं स्टॅटिक, कुणी म्हणालं हलगीच्या दणक्यानं. मी मान डोलावली. पटलं काहीच नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन.

एक गोष्ट बरेच दिवस विचारायची राहिली होती. परवा गेलो तेव्हा दाजी अंगणात पाय लांब करून बसले होते. लंगडतात आता. पायात चप्पल होती. मी विचारलं, "दाजी, त्या दिवशी फोनवर काय ऐकू आलं?"

"काय न्हाय."

"एवढा वेळ कानाला लावून बसला होता की."

त्यांनी रिकाम्या दावणीकडं बघितलं.

"दम ऐकू यायला हुता. लांबनं चालत आल्यावर टाकतं बघ जनावर, तसा. म्या बोलंस्तवर वाट बघत हुतं." मग हळूच म्हणाले, "माजीच कुऱ्हाड म्हणलं, धुरळ्याचं सांगितलं, सगळं आयकून घेतलं. अन् मंग फोन कट केला."

"तुम्ही?"

"म्या न्हाय. त्यानं."